अवकाशात जाणाऱ्या कॉम्प्युटरचं हार्डवेअर कसं निवडायचं: टप्पे, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

कोल्हापूर-इचलकरंजी भागातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं छोट्या उपग्रहाचा आराखडा घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा पहिल्या पानावर बहुतेक एकच गोष्ट असते: कुठला प्रोसेसर, किती गिगाहर्ट्झ, किती रॅम. वीज कुठून येणार, चिप अडकली तर तिला सोडवणार कोण, उष्णता कुठे जाणार, हे पाचव्या-सहाव्या पानावर सापडतं किंवा सापडतच नाही. माझं रोजचं काम शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांसाठी भट्टीचे कंट्रोल बोर्ड बनवायचं. तिथे बोर्ड बिघडला तर रात्री दोन वाजता मोटरसायकल काढून जाता येतं. वर गेलेल्या बोर्डाजवळ कुणी जाऊ शकत नाही. या एका फरकामुळे निवडीचा सगळा क्रम बदलतो, आणि मुलं नेमकी क्रमातच चुकतात.

खालच्या क्रमात प्रोसेसर सहाव्या टप्प्यावर आहे. तो पहिल्या दिवशी ठरवलात तर बाकीचे सगळे निर्णय त्याच्यामागे फरफटत जातात.

हे सगळं १० सेंटिमीटरच्या घनापासून तशा तीन घनांच्या उंचीपर्यंतच्या क्यूबसॅटसाठी, पृथ्वीजवळच्या कक्षेसाठी आणि कॉलेजच्या बजेटसाठी लिहिलं आहे. भूस्थिर कक्षेला किंवा चंद्राला जायचं असेल तर एवढ्यावर भागणार नाही.

## टप्पा १: कक्षा आणि मुदत आधी कागदावर

'हा बोर्ड अवकाशात चालेल का?' या प्रश्नाला उत्तर नसतं. '५०० किलोमीटरवर दोन वर्षं चालेल का?' याला असतं. म्हणून चार गोष्टी आधी लिहून काढा: कक्षेची उंची, विषुववृत्ताशी असलेला तिचा कल, किती महिने काम करायचं आहे, आणि कुठल्या प्रक्षेपकावरून जायचं आहे.

५०० किलोमीटरवर एक फेरी साधारण ९५ मिनिटांची. त्यातली ३५ मिनिटांपर्यंत सावलीत जातात. दिवसाला १५ फेऱ्या, म्हणजे वर्षाला जवळपास साडेपाच हजार वेळा उपग्रह तापतो आणि थंड होतो. सोल्डरचा प्रत्येक सांधा तेवढ्या वेळा ताणला जातो.

किरणोत्साराच्या मात्रेसाठी युरोपीय अवकाश संस्थेचं स्पेनव्हिस हे साधन वापरा. नोंदणी करून ब्राउझरमध्ये चालतं आणि त्याला पैसे लागत नाहीत. कक्षा आणि मुदत भरा, ॲल्युमिनियमची जाडी २ मिलिमीटर धरा. अशा कक्षेत वर्षाला साधारण एक-दोन किलोरॅडच्या घरातला आकडा येतो (रॅड हे साठलेल्या किरणोत्साराचं माप). त्याची दुप्पट करा आणि तोच आकडा पुढच्या सगळ्या निवडीसाठी वापरा. दुप्पट यासाठी की सूर्य तुमच्या गणितापेक्षा जास्त तापट निघू शकतो, आणि एकाच नावाच्या दोन चिप सारखी मात्रा सोसत नाहीत.

आणखी एक वाट बघून ठेवा. हेतू फक्त हार्डवेअर वर नेऊन पारखायचा असेल तर स्वतंत्र उपग्रहच हवा असं नाही. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम संपल्यावर प्रयोगांचा मंच म्हणून वापरला जातो, त्याला पोएम म्हणतात. डिसेंबर २०२४ च्या पीएसएलव्ही-सी६० वरच्या पोएम-४ मध्ये २४ उपकरणं होती. मंचावर वीज आणि दळणवळण आयतं मिळतं, मुदत काही महिन्यांची असते आणि कक्षाही खालची, त्यामुळे साठणारी मात्रा फारच कमी. अर्ज इन-स्पेस या सरकारी संस्थेमार्फत जातो. पहिल्यांदाच उतरणाऱ्या टीमला मी हीच वाट आधी दाखवतो.

तपासणी: चार आकडे एका ओळीत लिहिता येतात का? नसतील येत तर पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

## टप्पा २: काम मोजा, मग वीज मोजा

इथे मुलांचा सगळ्यात मोठा गैरसमज असतो, म्हणून एक हिशेब पूर्ण करून दाखवतो.

तुमचा रेडिओ सेकंदाला ९,६०० बिट पाठवतो असं धरा. उपग्रह कोल्हापूरच्या आकाशातून जातो तेव्हा चांगला संपर्क मिळतो साधारण आठ मिनिटं, म्हणजे ४८० सेकंद. गुणाकार केला की ४६ लाख बिट, म्हणजे पावणेसहाशे किलोबाइट. त्यातून प्रत्येक तुकड्यावरचा नाव-पत्ता (हेडर), तपासणीचे बिट, हुकलेले आणि परत मागवलेले तुकडे वजा करा. हातात राहतात चारशे किलोबाइट, तेही नशीब चांगलं असेल तर. ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत आपल्या अक्षांशावरून दिवसाला अशा चार-पाच भेटी होतात. म्हणजे दिवसभरात दोन मेगाबाइटसुद्धा खाली येत नाहीत. एवढ्यासाठी गिगाहर्ट्झचा चार कोअरवाला प्रोसेसर वर नेऊन त्याने करायचं काय?

उत्तर कधी कधी खरंच असतं: फोटो वरच तपासून ढगाळ फोटो टाकून द्यायचे, चांगला तेवढा खाली पाठवायचा. मग जास्त ताकद लागते, पण ती दिवसातून काही मिनिटं. हा फरक तक्त्यात दिसला पाहिजे. प्रत्येक कामासमोर लिहा: दिवसातून किती वेळा, किती सेकंद, किती मेमरी, किती वॅट.

१० सेंटिमीटरच्या घनावर चारी बाजूंना सौर पट्ट्या लावल्या तरी फेरीभराची सरासरी दीड-दोन वॅटच्या आसपास मिळते. लिनक्स चालवणारा छोटा बोर्ड एकटाच तेवढी वीज खातो. मग रेडिओ आणि बॅटरी तापवायचा हीटर कशावर चालणार? आणि हीटर हा लाड नव्हे. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली तर आत धातूचा थर साचतो आणि ती कायमची बाद होते.

तपासणी: सरासरी वापर हा सरासरी मिळकतीच्या ७०-७५ टक्क्यांच्या आत बसतो का? शंभर टक्क्यांना टेकलेला तक्ता म्हणजे पहिल्याच थंड फेरीत बंद पडणारा उपग्रह.

## टप्पा ३: किरणोत्साराचे तीन त्रास वेगळे ठेवा

'रेडिएशनला चालतो' असं एखाद्या बोर्डाच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं आणि मुलं विश्वास ठेवतात. तुम्ही विचारायचं: कुठल्या रेडिएशनला? त्रास तीन आहेत आणि तिन्हीवर उपाय वेगवेगळे आहेत.

पहिला, साठत जाणारी मात्रा. चिप हळूहळू म्हातारी होते, गळतीचा करंट वाढतो, व्होल्टेजची पातळी सरकते. टप्पा १ चा आकडा याचाच. बऱ्याच साध्या सीमॉस चिप पाच-दहा किलोरॅड सहज काढतात, त्यामुळे खालच्या कक्षेत दोन वर्षांसाठी हा त्रास बहुधा आटोक्यात असतो. अपवाद जुन्या धाटणीच्या बायपोलर भागांचा, म्हणजे काही रेग्युलेटर, ऑपॲम्प, कम्पॅरेटर. यांतले काही भाग मात्रा सावकाश मिळाली तर जास्त बिघडतात, आणि अवकाशात ती सावकाशच मिळते. पटापट केलेल्या चाचणीत पास झाले म्हणून निर्धास्त राहू नका.

दुसरा, बिट पालटणं. एकच कण मेमरीतून जातो आणि शून्याचा एक होतो. चिपला इजा नाही, पण कार्यक्रम भरकटू शकतो. दक्षिण अटलांटिकवर, ब्राझीलच्या बाजूला, किरणोत्साराचा पट्टा खाली झुकलेला आहे. तिथून जाताना हे प्रकार जास्त होतात.

तिसरा, लॅच-अप. कणाच्या धक्क्याने चिपच्या आत नको तो मार्ग सुरू होतो, करंट एकदम वाढतो आणि वीज तोडेपर्यंत तसाच राहतो. वीज तोडली नाही तर चिप जळते. विद्यार्थ्यांच्या उपग्रहासाठी मला तिन्हींत सगळ्यात जास्त भीती याची वाटते, कारण तो पहिल्याच आठवड्यात येऊ शकतो.

सावधान: शिशाचा पत्रा लावून यातून सुटका होत नाही. ॲल्युमिनियमची जाडी वाढवली की इलेक्ट्रॉनची मात्रा कमी होते. वेगवान प्रोटॉन आणि जड कण मात्र आरपार जातात, आणि जड धातूवर आपटून ते उलट दुय्यम कण तयार करतात. बिट पालटणं आणि लॅच-अप पत्र्याने थांबत नाहीत, सर्किटने सांभाळावे लागतात.

## टप्पा ४: अडकलेल्याला सोडवणारा आधी निवडा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. माझ्या मते उपग्रह जगतो तो इथल्या निवडीवर.

प्रत्येक महत्त्वाच्या चिपला, निदान प्रत्येक गटाला, स्वतःचा करंट लिमिटर असलेला स्विच हवा. ठरलेल्या मर्यादेच्या वर करंट गेला की त्याने स्वतःहून, सॉफ्टवेअरला न विचारता, वीज तोडायची, थोडं थांबायचं आणि पुन्हा द्यायची. मर्यादा अंदाजाने ठेवू नका. बोर्ड सगळ्यात थंड, सगळ्यात गरम आणि सगळ्यात जास्त कामात असताना करंट मोजा, सुरू होतानाचा झटका वेगळा मोजा, मग दीडपटीच्या आसपास मर्यादा लावा. संपूर्ण बोर्डाला एकच मोठा लिमिटर ही नेहमीची चूक. दोन अँपिअरच्या लिमिटरमागे एखादी बारकी चिप दीडशे मिलिअँपिअर जास्त खाऊन शांतपणे जळून जाते आणि लिमिटरला पत्ताही लागत नाही.

आता एक जवळून पाहिलेली गोष्ट. एका टीमने स्विच नीट लावला होता, मर्यादा नीट ठेवली होती. बेंचवर आम्ही चिपचा ३.३ व्होल्टचा पुरवठा तोडला आणि तिच्या पुरवठ्याच्या पिनवर मल्टिमीटर टेकवला. तिथे शून्य दिसायला हवं होतं, दिसत होते १.९ व्होल्ट. शेजारचा सेन्सर अजून चालू होता. त्याच्या सिग्नलच्या तारेतून, चिपच्या आतल्या संरक्षक डायोडमधून, वीज मागच्या दाराने येत होती. एवढी वीज लॅच-अप जिवंत ठेवायला पुरू शकते. म्हणजे स्विच पडला, पुन्हा लागला, तरी सुटका नाही. उपाय म्हणून त्या तारांवर वीज नसताना मोकळे होणारे बफर घातले, आणि बंद झाल्यावर कपॅसिटर रिकामे करणारा रेझिस्टर दिला. पिन अर्ध्या सेकंदात शून्यावर आली, तेव्हाच पुढे गेलो.

दुसरी साखळी वॉचडॉगची, म्हणजे प्रोसेसरकडून 'मी जागा आहे' अशी थाप वेळेत आली नाही तर त्याला रिसेट करणाऱ्या टायमरची. तो प्रोसेसरच्या बाहेर, वेगळ्या चिपमध्ये असावा आणि सॉफ्टवेअरला तो बंद करता येऊ नये. थाप फार उशिरा आली तरी रिसेट, फार लवकर आली तरी रिसेट, असा विंडो वॉचडॉग मिळाला तर उत्तम. आणि थाप टायमर इंटरप्टमधून देऊ नका. मुख्य कार्यक्रम मरून पडलेला असतो, इंटरप्ट मात्र इमानदारीने थाप देत राहतो. सगळी कामं पूर्ण झाल्याची खूण मिळाल्यावर मुख्य चक्रानेच थाप द्यायची.

तिसरी साखळी: जमिनीवरून ठरावीक वेळ एकही आदेश आला नाही तर सगळ्या उपग्रहाची वीज एकदा तोडून जोडणारा टायमर. मी ४८ तास सुचवतो. चौथी: रेडिओला आलेला ठरावीक संकेत प्रोसेसरला वगळून थेट रिसेट करेल अशी तार. सकाळची भेट संपल्यावर प्रोसेसर अडकला तर तुम्हाला संध्याकाळच्या भेटीपर्यंत कळणारही नाही. मधले आठ-दहा तास उपग्रहाला स्वतःच काढायचे असतात.

तपासणी: प्रोसेसरच्या घड्याळाची (क्लॉकची) पिन बोर्डाच्या ग्राउंडला टेकवा. तो मेला. आता हात न लावता बोर्ड स्वतःहून उठतो का? पाच वेळा करा, पाचही वेळा उठला पाहिजे.

## टप्पा ५: मेमरी

सुरुवातीचा कार्यक्रम, म्हणजे बूट कोड, वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या एफ-रॅम किंवा एम-रॅममध्ये ठेवा. या मेमरीत बिट साठवायची पद्धतच अशी आहे की कणाच्या धक्क्याने ते सहसा पालटत नाहीत. पण त्याच चिपमधलं भोवतीचं सर्किट लॅच-अपला बळी पडू शकतं, त्यामुळे टप्पा ४ चा स्विच इथेही लागतोच.

मुख्य कार्यक्रमाच्या तीन प्रती ठेवा, सुरू होताना तिन्ही पडताळा. एक मूळ प्रत कधीही लिहिता येणार नाही अशी कुलूपबंद असू द्या. वरून नवीन सॉफ्टवेअर चढवताना बिघाड झाला तर तीच तारते. रॅमला चूक दुरुस्त करणारे जादा बिट हवेत, आणि ती दुरुस्ती होण्यासाठी सगळी मेमरी ठरावीक वेळाने वाचून काढायला हवी. नुसती सोय असून उपयोग नाही. मेमरीच्या एका शब्दात, म्हणजे बिटांच्या एका गटात, एक चूक दुरुस्त होते. वाचलंच नाही तर दुसरी साठते आणि मग दुरुस्तीच्या पलीकडे जाते.

साठवणुकीच्या नँड फ्लॅशमध्ये मात्रा साठत गेली की आधी पुसणं-लिहिणं बंद पडतं, वाचणं बरेचदा नंतरपर्यंत चालतं. म्हणून जे जपायचं ते आधीच लिहून ठेवा.

सावधान: खाचेत सरकवायचं मेमरी कार्ड उड्डाणाच्या बोर्डावर नको. प्रक्षेपणाच्या हादऱ्यात त्याचे स्पर्श उडतात. मेमरीची चिप बोर्डावर सोल्डर केलेलीच हवी. आणि फिरणारी हार्ड डिस्क कुणी सुचवलीच तर सांगा: तिचं डोकं हवेच्या पातळ थरावर तरंगतं, आणि निर्वातात तो थर नसतो.

## टप्पा ६: आता प्रोसेसर

एवढं झाल्यावर प्रोसेसर जवळपास आपोआप समोर येतो. काम, वीज, मेमरी आणि सुटकेचा मार्ग ठरलेला असतो, आणि यादीत चार-पाच नावं उरतात.

घर चालवणारा आणि जड काम करणारा असे दोन वेगळे ठेवा. घर चालवणारा म्हणजे वीज, रेडिओ, तापमान सांभाळणारा साधा मायक्रोकंट्रोलर. तो कायम जागा असतो. जड काम करणारा, म्हणजे फोटो हाताळणारा लिनक्सचा बोर्ड, पाहुण्यासारखा: बोलावला की यायचं, काम झालं की त्याची वीज तोडायची. बंद असलेल्या चिपला लॅच-अप होत नाही, ही साधी गोष्ट फार उपयोगी पडते.

नासाचं मंगळावरचं इंजेन्युइटी हेलिकॉप्टर याचं उत्तम उदाहरण आहे. त्यात फोनमधला स्नॅपड्रॅगन ८०१ होता, हे सगळ्यांना माहीत असतं आणि मुलं तेवढंच सांगतात. पण उड्डाणावर ताबा ठेवणारे वाहन उद्योगातल्या सुरक्षेसाठी बनलेले दोन टीएमएस५७० मायक्रोकंट्रोलर होते, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला, वीज सांभाळायला, किरणोत्सार सोसणारा एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट आपल्याला हवं तसं रचता येणारी चिप, होता. पाच उड्डाणांसाठी बनवलेलं ते यंत्र ७२ वेळा उडालं. शेजारच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरचा मुख्य प्रोसेसर, आरएडी७५०, जेमतेम २०० मेगाहर्ट्झच्या घरातला आहे.

घर चालवायला मी ज्या घराण्यांकडे बघतो ती ही: कमी विजेत भागवायचं असेल तर आत एफ-रॅम असलेले एमएसपी४३०. चूक पकडणं महत्त्वाचं असेल तर टीएमएस५७०, त्यात दोन कोअर एकच काम करून उत्तरं जुळवतात आणि मेमरीला चूक-दुरुस्तीही आहे. पुढच्या मोहिमेत किरणोत्सार सोसणारी आवृत्ती वापरायची शक्यता असेल तर एसएएमव्ही७१, कारण याच घराण्यात तशी आवृत्ती बनते आणि सॉफ्टवेअर पुन्हा लिहावं लागत नाही.

एफपीजीए घेत असाल तर एकच प्रश्न पुरे: त्याची रचना फ्लॅशमध्ये आहे की एसरॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत? एसरॅममध्ये असेल तर बिट पालटला की नुसती माहिती बदलत नाही, सर्किटच बदलतं, आणि सतत पुसून-लिहून ते सरळ ठेवावं लागतं. पहिल्या उपग्रहाला फ्लॅशवालाच घ्या.

दोन गोष्टी नेहमी ऐकू येतात. पहिली: 'रास्पबेरी पाय अंतराळ स्थानकात २०१५ पासून आहे, मग आपल्याला का नको?' स्थानकात हवा आहे, खोलीचं तापमान आहे आणि अडकला तर बटण दाबायला माणूस आहे. दुसरी: 'विक्रम ३२०१ वापरू.' मोहालीच्या सरकारी कारखान्यात बनलेला हा ३२ बिटांचा प्रोसेसर प्रक्षेपकांसाठी आहे आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण कुठलाही भाग प्रस्तावात लिहिण्याआधी तो तुमच्या हातात कोणत्या महिन्यात पडेल याचं लेखी उत्तर मिळवा. परदेशातले खास अवकाशासाठीचे भाग निर्यातीच्या परवान्यात महिनोन्‌महिने अडकतात, त्यांनाही हाच नियम.

तपासणी: निवडलेल्या चिपची किरणोत्सार चाचणी कुणी छापली आहे का? नासाच्या गोडार्ड केंद्राची आणि युरोपीय संस्थेची माहिती खुली आहे. सापडली तर चाचणीतल्या चिपची आवृत्ती आणि तारीख तुमच्याशी जुळते का ते पाहा. नाव तेच ठेवून कंपनी आतली रचना बदलते, मग जुना निकाल तुमच्या कामाचा राहत नाही.

## टप्पा ७: उष्णता बाहेर काढायची वाट

वर हवा नाही, त्यामुळे पंखा नाही आणि पंख्याशिवायही जी थोडी हवा बेंचवर चिप गार करते तीही नाही. उष्णता चिपखालच्या तांब्यातून, बोर्डाच्या कडेतून, ॲल्युमिनियमच्या चौकटीत आणि तिथून किरणांच्या रूपाने बाहेर, एवढीच वाट. चिपखाली भरपूर छिद्रं द्या, आतला ग्राउंडचा तांब्याचा थर जाड घ्या, आणि तापणारी चिप बोर्डाच्या मधोमध न ठेवता चौकटीच्या जवळ आणा.

चौकट आणि उष्णता पसरवणारी पट्टी ६०६१ किंवा ७०७५ ॲल्युमिनियममध्ये शिवाजी उद्यमनगरात उत्तम मिलिंग करून मिळते. फक्त ड्रॉइंगवर सपाटपणाची मर्यादा लिहा. चिपला टेकणारी बाजू उंचसखल राहिली तर मधे हवेची फट राहते, आणि वर गेल्यावर त्या फटीतून काहीच वाहत नाही.

पहिला अंदाज घ्यायला मोठी सोय लागत नाही. फार्मसी कॉलेजात व्हॅक्यूम ओव्हन असतो. बोर्ड पूर्ण कामात ठेवून आत घाला, चिपवर तापमानाची तार चिकटवा, हवा काढा आणि तासभर आकडा बघत बसा. बाहेर ६० अंशांवर स्थिरावलेला रेग्युलेटर आत गेल्यावर चढतच राहतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

## टप्पा ८: बारके भाग, स्क्रू, वायर

मोठ्या चिपवर महिना घालवून टीम बारक्या भागांवर एक दुपार घालवते. बिघाड बरेचदा इथूनच येतो.

द्रव भरलेले ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर टाळा. सिरॅमिक एक्स७आर किंवा घन टँटॅलम घ्या, आणि टँटॅलमला लिहिलेल्या व्होल्टेजच्या निम्म्यावरच चालवा. सिरॅमिक बोर्डाच्या कडेला आणि स्क्रूच्या शेजारी ठेवू नका. बोर्ड वाकला की ते तडकतात, आणि तडा डोळ्यांना दिसत नाही.

शुद्ध कथलाचा लेप असलेले पाय टाळा. त्यावर केसासारख्या तारा उगवतात आणि शेजारच्या पायाला टेकतात. शिसे मिसळलेलं जुनं ६३-३७ सोल्डरच वापरा.

हार्डवेअरच्या दुकानातले चकचकीत पिवळसर झिंक लेपाचे स्क्रू नकोत. जस्त आणि कॅडमियम निर्वातात उडून जाऊन दुसरीकडे बसतात. स्टेनलेस घ्या. पीव्हीसीची वायर, हॉट ग्लू, दुहेरी टेप, कागदी लेबल यांतून वायू सुटतो आणि तो कॅमेऱ्याच्या भिंगावर जमतो. टेफ्लॉनची वायर आणि कॅप्टॉन टेप वापरा. प्रत्येक गोंद-प्लास्टिकसाठी नासाच्या खुल्या यादीत दोन आकडे बघा: एकूण वजनघट १.० टक्क्याच्या आत, आणि थंड पृष्ठभागावर जमणारा अंश ०.१ टक्क्याच्या आत.

कपडे धुतल्यासारखे बोर्डही धुवायचे आहेत हे विसरू नका. फ्लक्स राहिला तर त्यावरचा लेप सुटतो.

## टप्पा ९: खरेदी आणि साठवण

अधिकृत वितरकाकडूनच घ्या आणि एकाच लॉटचे घ्या. उड्डाणाचा बोर्ड, त्याचा जुळा, चाचणीत बळी द्यायचे आणि शिल्लक, अशा सगळ्यांना पुरतील एवढे एकदम. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग प्रयोगाला जरूर आणा, उड्डाणाला नको. लॉट आणि तारखेचा कागद नसलेली चिप किती चांगली आहे हे कुणालाच सिद्ध करता येत नाही.

आणि कोल्हापूरचा पाऊस. प्लॅस्टिकच्या चिप हवेतली ओल पितात. बऱ्याच चिप पाकीट फोडल्यावर ३० अंश आणि ६० टक्के दमटपणात १६८ तासच चालतात. आपल्याकडे जुलैत तो दमटपणा सहज ओलांडला जातो, म्हणजे मुदत त्याहून कमी. एका जुलैत आम्ही दहा दिवस उघड्या राहिलेल्या चिप तशाच सोल्डरिंगच्या भट्टीतून काढल्या. बारीक टप्प असा आवाज आला आणि एका चिपचं पोट फुगलेलं दिसलं. बाकीच्या ठणठणीत दिसत होत्या, पण आतून सुटल्या नसतील याची खात्री कशी देणार? सगळ्या फेकल्या. तेव्हापासून पाकीट फोडल्याची तारीख-वेळ पाकिटावरच लिहितो, शंका आली तर डेटाशीटप्रमाणे भाजून घेतो. रीळमधल्या चिप रिळासकट १२५ अंशांत घालू नका, रीळ वितळतं.

उन्हाळ्यात उलटं. हवा कोरडी, म्हणून स्थिर विजेचा धोका. मनगटाची पट्टी आणि अर्थिंगची चटई बारा महिने. आणि फाउंड्रीच्या शेडमध्ये उड्डाणाचा बोर्ड कधीच उघडू नका, तिथल्या हवेत लोखंडाची धूळ असते.

## टप्पा १०: चाचण्यांचा क्रम

क्रम असा: बेंचवर पूर्ण काम, मग गरम-थंड फेऱ्या, मग गरम स्थितीत काही दिवस सलग चालवणं, मग कंपन, मग निर्वातात गरम-थंड. प्रत्येकाच्या आधी आणि नंतर तीच कामाची यादी पूर्ण चालवून आकडे लिहायचे. शेवटी एकदाच तपासलं तर कुठल्या चाचणीने काय मोडलं ते कळत नाही.

प्रक्षेपक ठरला असेल तर त्याच्या कागदातली कंपनाची पातळी घ्या. ठरला नसेल तर नासाच्या सर्वसाधारण मानकातली १४.१ जी आरएमएस ही पात्रतेची पातळी धरून आराखडा करा. ही पातळी उड्डाणाच्या बोर्डाला देऊ नका, जुळ्याला द्या. उड्डाणाच्या बोर्डाला खालची, स्वीकृतीची पातळी. पुण्यात वाहन उद्योगासाठी कंपनाची टेबलं आहेत, तारीख दोन-तीन महिने आधी मागा.

टेबलावरून डबा काढला की उघडण्याआधी कानाशी नेऊन हलवा. एकदा आतून खडखड आली. उघडलं तर वाटाण्याएवढी इंडक्टरची गुंडी दोन्ही पायांतून उपटून मोकळी फिरत होती. सोल्डर अगदी सुंदर होतं, पण एवढं वजन फक्त दोन सांध्यांवर तोललं होतं. आता तशा प्रत्येक जड भागाला बाजूने इपॉक्सीचा टेकू देतो.

किरणोत्साराची चाचणी करायची असेल तर साठणाऱ्या मात्रेसाठी कोबाल्ट-६० चा गॅमा स्रोत लागतो, आणि जड कणांसाठी प्रवेगक. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत आणि दिल्लीच्या आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्रात पेलेट्रॉन नावाचे असे प्रवेगक आहेत. तिथे वेळ शास्त्रीय प्रस्तावावर मिळतो, म्हणून आराखड्याच्या पहिल्या वर्षीच अर्ज करा. सगळ्या चिप नेऊ नका. ज्या चिपची छापील माहिती सापडली नाही आणि जी मेली तर उपग्रह मरतो, तेवढीच न्या.

शेवटची तपासणी: उड्डाणाचा बोर्ड बंद करण्याआधी प्रोसेसरची घड्याळाची पिन पुन्हा एकदा ग्राउंडला टेकवा, आता निर्वाताच्या टाकीत, सगळ्यात थंड आणि सगळ्यात गरम तापमानाला, बाहेर काढलेल्या तारेने. दोन्ही वेळा बोर्ड स्वतःहून उठला की ती तार कापा, टोकावर इपॉक्सी लावा, आणि वहीत तारीख, वेळ व सही करा.